रसिकांचे प्रश्न आणि उत्तर देणाऱ्याचे कर्तव्य

वर्ष सरत आले की हिशेब मांडण्याची ओढ माणसाला लागतेच. व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला बदलते, सरकारची मार्चअखेर, आणि चित्रपटाच्या शौकिनांची 31 डिसेंबरला. या वर्षी सरस चित्रपट कोणता, कोणी निराशा केली, अमक्या नटाचे दिवस भरले काय, तमक्या कादंबरीचे पडद्यावर मातेरे का झाले, अशा शेकडो प्रश्नांनी त्यांची मने भरून गेलेली असतात. हे प्रश्न विचारण्याचे ठिकाण मात्र काळाबरोबर बदलत गेले. एके काळी ते पोस्टकार्डावर लिहून मासिकाच्या संपादकाकडे धाडीत. पुढे रेडिओकडे धाडू लागले. आता ते पॉडकास्टकडे धाडतात. पॉडकास्ट म्हणजे काय, हे विद्यार्थिमित्रांना सांगावयास नको. परंतु हे वार्षिक त्यांच्या आजी-आजोबांच्याही हाती पडते, म्हणून सांगतो. रेडिओवरील भाषणासारखाच हा कार्यक्रम, परंतु त्याला ठरावीक वेळ नाही. जो तो आपल्या सवडीने भ्रमणध्वनीवर ऐकतो. 'आयपॉड' आणि 'ब्रॉडकास्ट' या दोन शब्दांची मोडतोड करून हा शब्द 2004 च्या सुमारास इंग्रजीत घडविला गेला. आयपॉड हे यंत्र आता निघेनासे झाले. त्याच्या नावाचा अर्धा तुकडा मात्र भाषेत राहून गेला आहे.

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी असा एक पॉडकास्ट लष्करातल्या आपल्या घरातून चालवितो. ऐकणारे फार नाहीत. ग्वाल्हेर, इंदूर, उज्जैन येथली काही मराठी कुटुंबे आणि त्यांची पुण्या-मुंबईकडे गेलेली मुले, एवढाच त्याचा संसार. सरत्या वर्षाच्या डिसेंबरात, तानसेन समारोहाची गर्दी ओसरल्यानंतर, तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, वर्षअखेरीचा भाग श्रोत्यांच्या प्रश्नांचा करावयाचा आहे. उत्तरे आपण द्यावीत." मी इतिहास शिकवितो, चित्रपट हा माझा केवळ छंद, असे मी त्याला सांगून पाहिले; परंतु मनातून मी सुखावलो होतो, हे कबूल केले पाहिजे. आपणास कोणी प्रश्न विचारावेत आणि आपण उत्तरे द्यावीत, यापरते शिक्षकाला सुख कोणते? शिवाय येथे उलटून विचारणारा वर्ग समोर नसतो, असा माझा तेव्हा समज होता.

प्रश्न तेवीस आले. ते मी दोन दिवस आधी वाचून काढले, आणि एक गोष्ट ध्यानात आली. त्यांतले निम्म्याहून अधिक प्रश्न एकाच प्रश्नाची निरनिराळी रूपे होती : 'उत्तम कोणता?' वर्षातला उत्तम चित्रपट, उत्तम खलनायक, उत्तम शेवट, उत्तम गाणे. या प्रश्नाविषयी मला प्रथम दोन शब्द बोलावयाचे आहेत, कारण तो जितका साधा दिसतो तितका साधा नाही.

उदाहरण म्हणून 1953 हे साल घेऊ. त्या वर्षीचा सर्वोत्तम भारतीय चित्रपट कोणता? भारत सरकारने चित्रपटांसाठी राज्य पुरस्कार प्रथमच ठेवले होते. 1954 मध्ये ते दिले गेले, आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या 'श्यामची आई' या मराठी चित्रपटास मिळाले. त्याच 1954 साली 'फिल्मफेअर' नियतकालिकाने आपल्या वाचकांची मते मागवून पुरस्कार दिले, तेही पहिलेच. त्यांत सर्वोत्तम ठरला बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन'. सरकारी समितीने त्याला गुणवत्तेचे प्रशस्तिपत्र दिले होते, पदक दिले नाही. आणि तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन विचारले असते, तर 'अनारकली' हे नाव ऐकू आले असते. आता यांत चूक कोणाची? माझ्या मते कोणाचीच नाही. समितीने एक प्रश्न विचारला, वाचकांनी दुसरा, खिडकीवरच्या गर्दीने तिसरा. शब्द तिघांचेही तेच होते, 'उत्तम कोणता'. अर्थ तीन होते.

जाता जाता सांगतो, 'श्यामची आई'त आईची भूमिका करणाऱ्या वनमालाबाई या आमच्या ग्वाल्हेरच्या पवार घराण्यातल्या. 1941 च्या 'सिकंदर'मध्ये त्या सोहराब मोदींच्या चित्रपटाच्या नायिका होत्या. बारा वर्षांनी त्यांनी कोकणातल्या गरीब ब्राह्मण घरातली आई उभी केली. 2007 मध्ये त्यांचे निधन झाले, तेही ग्वाल्हेरातच. 'वनमालाबाई आपल्याच ना हो?' असा एक प्रश्न तेविसांत होता, आणि त्याचे उत्तर देताना माझा आवाज थोडा चढला, असे नंतर ऐकताना मला आढळले. गावाचा अभिमान हा न्यायाधीशाच्या आसनावरही आपल्या शेजारी येऊन बसतो. 'श्यामची आई' मला 'दो बिघा जमीन'हून सरस वाटतो. त्यात श्यामचा वाटा किती आणि ग्वाल्हेरचा किती, हे मला सांगता येत नाही.

म्हणून 'उत्तम कोणता' या प्रश्नाला उत्तर देणाऱ्याने आपला निकाल सांगण्यापूर्वी आपला शिधा दाखवावा, असे माझे मत आहे. आपल्या देशात दर वर्षी हजाराहून अधिक चित्रपट निघतात, आणि ते पंचवीस-तीस भाषांत. मी सरत्या वर्षात एकतीस पाहिले. त्यांतले अठरा हिंदी, नऊ मराठी, उरलेले इतर भाषांचे. त्यांतही काही घरातल्या पडद्यावर, जेवणाच्या ताटावर बसून. एकतीसांतला पहिला मी सांगू शकतो. हजारांतला पहिला सांगणारा एक तर सर्वज्ञ असला पाहिजे किंवा धीट. मी श्रोत्यांना हा आकडा प्रथम सांगितला. सूत्रसंचालकाचे तोंड थोडे उतरले. कार्यक्रमाचा डौल कमी होतो, असे त्याला वाटले असावे. परंतु बाजारात दुकानदार मापाचा तळ दाखवून मग धान्य मोजतो, त्याने दुकानाचा डौल कमी होत नाही.

आता एका निराळ्या प्रश्नाकडे वळतो. तो इंदूरच्या एका भगिनींनी पाठविला होता. त्यांनी लिहिले होते, 'आमच्या सासूबाईंना अलीकडे अजिबात ऐकू येत नाही. पडद्यावरची अक्षरे वाचण्याइतकी दृष्टीही आता राहिली नाही. पण चित्रपटांची आवड जन्माची. त्यांच्याबरोबर बसून पाहता येईल असे काही सांगाल काय?' तेविसांतला हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला. यात 'उत्तम' हा शब्दच नाही. कोणासाठी, कोणत्या घरात, कोणत्या अडचणीत, हे सारे त्यात आहे. आणि म्हणूनच त्याला खरे उत्तर देता येते. मी त्यांना दोन नावे सांगितली. पहिले, दादासाहेब फाळके यांचा 1919 चा 'कालिया मर्दन'. हा मूकपट आहे, आणि त्याचा बहुतेक भाग सुदैवाने वाचला आहे. कृष्ण झाली आहे फाळक्यांचीच लहानगी मुलगी मंदाकिनी. तिचा खट्याळपणा समजण्यास कानांची गरज नाही, आणि कथा तर सासूबाईंना लहानपणापासून पाठ असणार. दुसरे, सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 1987 चा 'पुष्पक'. त्यात कमल हासन आहे, एका बेकार तरुणाची गोष्ट आहे, आवाज आहेत, संगीत आहे, परंतु संवाद म्हणून एक शब्द नाही. बोलपटांच्या युगात संवादाविना एवढी मोठी गोष्ट सांगण्याचे हे धाडस होते, आणि ते लोकांना आवडले. ऐकू येणाऱ्यांना ते कौतुक वाटते. त्या घरात ते सोयीचे होते. हे उत्तर देताना मला जे समाधान वाटले, ते एकतीसांचा क्रम लावताना वाटले नाही.

विद्यार्थ्यांना येथे एक गोष्ट सुचवावीशी वाटते. प्रश्न विचारणे ही कला आपल्या परीक्षांत कोठेच तपासली जात नाही. उत्तरांना गुण असतात, प्रश्नांना नसतात. असो.

एक प्रश्न खास आमच्या गावचा होता. 'बैजू बावरा चित्रपटात तानसेन हरतो, हे खरे आहे काय?' ग्वाल्हेरच्या माणसाला हा प्रश्न किती लागतो, ते हजिऱ्याला राहणाऱ्यांना विचारावे. तेथे मुहम्मद घौस यांच्या कबरीशेजारी तानसेनाची कबर आहे, आणि दर वर्षी देशभरचे गवई तेथे येऊन हजेरी लावतात. 1952 च्या त्या चित्रपटात विजय भट्ट यांनी बैजूच्या गाण्याने संगमरवराचा दगड वितळविला आणि अकबराच्या दरबारात तानसेनाला मान खाली घालावयास लावली. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला सांगावे लागले, की अशा जुगलबंदीला समकालीन पुरावा नाही. बैजूचे नाव परंपरेने राजा मानसिंह तोमर यांच्या दरबाराशी जोडले जाते, आणि मानसिंहांचा काळ 1486 ते 1516. तानसेन अकबराकडे गेला तो 1562 च्या सुमारास. परंपरा खरी मानली, तर तोवर बैजू वृद्ध तरी झालेला असावयास हवा, नाही तर हे जग सोडून गेलेला. प्रेयसीसाठी झुरणारा तरुण तो खासच नसणार.

येथे माझे उत्तर संपावयास हवे होते. परंतु इतिहासाने दिलेले उत्तर अपुरे आहे, असे मला बोलताना जाणवले. चित्रपटातल्या त्या प्रसंगात तानसेनासाठी आवाज दिला आहे उस्ताद अमीर खाँ यांनी, आणि बैजूसाठी पंडित द. वि. पलुसकर यांनी. अमीर खाँ इंदूरचे. पलुसकर हे विष्णु दिगंबरांचे चिरंजीव. विष्णु दिगंबर बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य. आणि बाळकृष्णबुवांनी जी गायकी महाराष्ट्रात नेली, ती ग्वाल्हेरची. म्हणजे पडद्यावर ग्वाल्हेरचा तानसेन हरतो खरा, परंतु ज्या कंठाने तो हरतो, त्या कंठातली विद्या ग्वाल्हेरचीच आहे. नौशाद यांनी हा विचार करून गवई निवडले असतील, असे मी म्हणत नाही. तरीही हे ऐकून आमचे एक शेजारी दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. सत्य सांगावयाचे, आणि त्याच्याच पोटात लपलेले दुसरे सत्यही शोधावयाचे. तेव्हा उत्तर पुरे होते.

चित्रपटांविषयीच्या प्रश्नोत्तरांचा इतिहास पाहू गेले, तर सर्वांत मोठे नाव बाबूराव पटेल यांचे. त्यांनी 1935 साली मुंबईत 'फिल्मइंडिया' हे इंग्रजी मासिक काढले, आणि त्यातली वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे एवढी गाजली, की लोक अंक हाती पडताच प्रथम तेच पान उघडीत. प्रश्न कोणताही असो, नटनटींविषयी, लग्नाविषयी, राजकारणाविषयी, बाबूरावांपाशी उत्तर तयार असे. आणि ते बहुधा चाबकासारखे असे. पुढे 1967 मध्ये ते आमच्या मध्य प्रदेशातल्या शाजापूरहून लोकसभेवर निवडून गेले, हे माळव्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. त्यांची बुद्धी, त्यांची निर्भयता, आणि मराठी माणसाने इंग्रजीवर मिळविलेले ते प्रभुत्व, या साऱ्यांविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचा कित्ता आजच्या उत्तर देणाऱ्यांनी गिरवावा, असे मला वाटत नाही; आणि आजचे पुष्कळ जण, बाबूरावांचे नावही न ऐकता, तोच कित्ता गिरवीत आहेत.

याला माझी दोन कारणे. पहिले असे, की चमकदार उत्तरात प्रश्न विचारणारा नकळत विदूषक होतो. टाळ्या उत्तराला पडतात, आणि ज्याने भाबडेपणाने पत्र लिहिले त्याच्या पदरी हसे येते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. बाबूराव स्वतः चित्रपट काढीत असत. 1944 च्या 'द्रौपदी'त आणि 1946 च्या 'ग्वालन'मध्ये नायिका होत्या सुशीलाराणी, ज्या त्यांच्या पत्नी. जो माणूस इतरांच्या चित्रपटांचा पानोपानी निवाडा करतो, त्याचा स्वतःचाही चित्रपट त्याच बाजारात उभा असेल, तर वाचकाने तराजूकडे पाहावे की हाताकडे? आज हा प्रश्न अधिकच बिकट झाला आहे. कोणी चित्रपटाच्या जाहिरातीचे पैसे घेऊन त्याची स्तुती करतो, कोणाला निर्मात्याकडून खेळाचे आमंत्रण येते, कोणी आपली श्रोतृसंख्या वाढावी म्हणून भांडण उकरून काढतो. हे करणाऱ्याने निदान तसे सांगावे. आमच्या पॉडकास्टला कोणी फुकट तिकीटही दिले नाही, हे मी सांगितले. त्यात सचोटीपेक्षा आमच्या नगण्यतेचा भाग अधिक होता, हेही खरे.

रेडिओचा मार्ग त्याहून सौम्य होता. 1952 साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले, आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते रुसले आणि रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षअखेरीस तेथून अमीन सायानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. हजारो पत्रांचे ढीग येत. आणि वर्षाच्या शेवटी गीतांची वार्षिक क्रमवारी लागे, तेव्हा घरोघर वाद होत. माझ्या वडिलांच्या वहीत त्या क्रमवाऱ्या शाईने टिपून ठेवलेल्या आहेत. त्याच वहीच्या मागच्या बाजूस दुधाचा हिशेब आहे. 1957 मध्ये आकाशवाणीलाही विविध भारती सुरू करून श्रोत्यांशी समेट करावा लागला. सायानी 2024 च्या फेब्रुवारीत निवर्तले. त्यांच्या बोलण्यात श्रोत्याचे हसे झालेले कोणाला आठवत नाही. आमच्या सूत्रसंचालकाला मी सांगितले, की अनुकरणच करावयाचे तर ह्या माणसाचे कर.

एवढा उपदेश केल्यावर माझीच गोष्ट सांगणे भाग आहे. किंबहुना हा लेख लिहिण्याचे कारणच ते आहे.

एकोणिसावा प्रश्न असा होता : 'आलम आरा आणि अयोध्येचा राजा, या दोन आरंभीच्या बोलपटांपैकी सरस कोणता?' 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट. अर्देशिर इराणी यांनी तो काढला. मास्टर विठ्ठल आणि जुबेदा त्याचे नायक-नायिका. 14 मार्च 1931 रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात तो लागला. 'अयोध्येचा राजा' हा प्रभात कंपनीचा, शांतारामबापूंनी दिग्दर्शिलेला, 1932 चा. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र आणि दुर्गाबाई खोटे तारामती. तोवर अठरा प्रश्न झाले होते, आत स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होत होती, आणि मी रंगात आलो होतो. मी म्हणालो, "आलम आराची गाणी गोड आहेत, परंतु अभिनय नाटकी वाटतो, आणि कॅमेरा एका जागी खिळून राहतो. अयोध्येचा राजा निःसंशय सरस." सूत्रसंचालक म्हणाला, "वा सर!" आणि आम्ही विसाव्या प्रश्नाकडे गेलो.

भाग प्रसिद्ध झाल्यावर तिसऱ्या दिवशी, मधल्या सुटीत, आठवीतली एक मुलगी वर्गाबाहेर माझी वाट पाहत उभी होती. हातात ग्रंथालयाचे पुस्तक होते. ती म्हणाली, "सर, यात लिहिले आहे, की आलम आराची एकही प्रत आता उरलेली नाही. मग आपण तो केव्हा पाहिलात?"

मी तो पाहिलेला नाही. माझ्या वडिलांनीही पाहिला नव्हता. आज हयात असलेल्यांपैकी तो पाहिलेला मनुष्य शोधूनही सापडणार नाही. त्याची छायाचित्रे उरली आहेत, जाहिराती उरल्या आहेत. चित्रपट उरलेला नाही. माझे वाक्य कोठून आले, याचा मी रात्रभर विचार केला. 'आरंभीच्या बोलपटांत अभिनय नाटकी असे, ध्वनिक्षेपकामुळे कॅमेरा हलत नसे' असे मी कोठे तरी वाचले होते. आणि ते सर्वसाधारण विधान मी एका विशिष्ट, नष्ट झालेल्या चित्रपटाला चिकटवून दिले. पाठ्यपुस्तकाऐवजी गाइडातून उतरविलेल्या उत्तरांवर मी गेली बावीस वर्षे लाल शाईने 'स्वतः वाचून लिहा' असा शेरा मारीत आलो आहे.

हे चित्रपट नाहीसे कसे झाले, तेही सांगितले पाहिजे, म्हणजे माझ्या चुकीचे वजन कळेल. 1950 च्या सुमारापर्यंत चित्रपटांची फीत नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेई, आणि पेटली नाही तरी वर्षांनुवर्षांनी आपोआप सडून तिचा चिकट लगदा किंवा भुकटी होई. त्या फितीत चांदी असे. म्हणून कित्येक जुनी रिळे चांदी काढण्यासाठी भंगारवाल्यांना विकली गेली. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळेच आज पाहावयास मिळतात. 1964 मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी उभा जन्म गावोगाव हिंडून रिळे गोळा करण्यात घालविला. परंतु 'आलम आरा' हाती लागला नाही. 2003 च्या जानेवारीत पुण्यातच आग लागून नायट्रेटची पुष्कळ रिळे जळाली. जो चित्रपट एका माणसाने आयुष्यभर शोधूनही त्याला सापडला नाही, त्याच्या अभिनयाला मी लष्करातल्या एका खोलीत बसून नाटकी म्हटले.

मी त्या माजी विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "एवढेच ना सर? ते वाक्य कापून टाकतो. पुन्हा चढवितो. कोणाला कळणारही नाही."

त्याचे म्हणणे यंत्राच्या दृष्टीने अगदी बरोबर होते. छापील अंकात चूक झाली तर ती छापलेलीच राहते. पुढच्या अंकात शुद्धिपत्र द्यावे लागते, आणि ते छापताना संपादकाला घाम फुटतो. या नव्या माध्यमात शुद्धिपत्राची गरजच उरत नाही. चूक इतक्या स्वच्छपणे पुसता येते, की ती झालीच नव्हती असे वाटावे. सोय मोठी आहे. आणि माझी भीती हीच आहे. समजा, ते वाक्य कापले. ज्यांनी आधी ऐकले त्यांच्या डोक्यात ते तसेच राहील. त्यांना चूक कळण्याचा मार्गच बंद होईल. आणि आठवीतल्या त्या मुलीने पुन्हा ऐकले, तर तिला ते वाक्य सापडणार नाही. आपणच चुकीचे ऐकले, असे तिला वाटेल. बरोबर असलेल्या विद्यार्थिनीला चूक ठरवावयाचे आणि चुकलेल्या शिक्षकाला निष्कलंक ठेवावयाचे, हे त्या कात्रीने साधले असते. मी त्याला म्हणालो, "अरे, वाक्य राहू दे. पुढच्या भागाच्या आरंभी मी स्वतः बोलतो."

त्याला ते पटले नाही. "सर, लोक हसतील," असे तो म्हणाला. काही जण म्हणतील, की हा करमणुकीचा कार्यक्रम. चित्रपटाविषयीच्या गप्पांना न्यायालयाची साक्ष कशाला करता? हा आक्षेप मी हलका मानत नाही. प्रत्येक वाक्यामागे पुरावा मागितला तर गप्पा मरतील, हे खरे. परंतु गप्पांत मनुष्य 'मला आवडले' म्हणतो, तेव्हा पुरावा कोणीच मागत नाही. 'मी पाहिले' असे भासविले, की तो गप्पांचा प्रांत सोडून साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. दोहोंतली सीमा बारीक आहे. मी ती ओलांडली तेव्हा मला कळलीही नाही. म्हणून तर ती आठवीतल्या मुलीला दिसली, याचे मला अधिक वाटते.

पुढचा भाग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघाला. आरंभी मी दीड मिनिट बोललो. 'आलम आरा मी पाहिलेला नाही. तो कोणालाही पाहता येत नाही. माझे मत रद्द समजावे. ही चूक आमच्या शाळेच्या एका विद्यार्थिनीने दाखविली' एवढेच. हसणारे हसले असतील. इंदूरच्या त्या भगिनींचे उत्तर मात्र आले : सासूबाईंना 'पुष्पक' आवडला, 'कालिया मर्दन' पाहताना त्या पडद्यावरच्या कृष्णाला रागे भरत होत्या, आणि आपण मोठ्याने बोलत आहोत हे त्यांना कळत नव्हते.

आणि आठवीतली ती मुलगी पुन्हा आली. तिने विचारले, "सर, अयोध्येचा राजा तरी आपण सबंध पाहिला आहे ना?" मी होय म्हणून मोकळा झालो. तो मी पाहिला आहे, परंतु मध्ये अर्धा तास मला झोप लागली होती. तिला उद्या ते सांगावयाचे आहे.